जुन्या इन्क्सीचा रिपोर्ट की नव्या? आधी शेवटची ओळ बघा

मेस्त्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माझ्या शब्दावरून एका दुकानदारावर नसता आळ येणार होता. थोडक्यात टळलं. कारण होता एक रिपोर्ट. इन्क्सी म्हणजे लिनक्सवर मशीनची सगळी माहिती छापून देणारं टूल. इथे आपण रोज ज्याला त्याला 'आधी इन्क्सीचा रिपोर्ट टाका' म्हणतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ओळखीतल्या दोघा बहीण-भावांनी एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे दोन सेकंडहँड लॅपटॉप घेतले. दोन्हींत इंटेलचा आय५-८२५०यू. भावाने जुन्या डीव्हीडीवरून लिनक्स मिंट २० टाकलं, बहिणीने मिंट २२. दोघांनी मला रिपोर्ट पाठवले. भावाच्या रिपोर्टात सीपीयूपुढे लिहिलेलं, 'एल२ कॅश: ६१४४ केआयबी'. बहिणीच्या रिपोर्टात, 'कॅश: एल१: २५६ केआयबी एल२: १०२४ केआयबी एल३: ६ एमआयबी'. (कॅश म्हणजे प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी; एल१, एल२, एल३ या तिच्या पातळ्या.)

तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला फोन केला. "दादाला एल२ सहा हजार आणि मला एक हजार. काका, माझ्यात हलका प्रोसेसर घातलाय ना?" मी घाईत होतो. रिपोर्टात लिहिलंय म्हणजे खरंच असणार असं धरून मी सांगितलं की उद्या बिल घेऊन दुकानात जा.

रात्री ते डोक्यातून जाईना. मॉडेल नंबर दोन्हींकडे तोच, मग कॅश वेगळी कशी? या चिपचे चार कोअर, प्रत्येकाची एल२ २५६ केआयबी, म्हणजे चौघांची मिळून १०२४. एल३ सगळ्यांची सामाईक, ६ एमआयबी. आणि ६ एमआयबी म्हणजेच ६१४४ केआयबी! भावाच्या रिपोर्टात एल३चा आकडा एल२च्या नावाखाली छापला होता. सकाळी लवकर जाऊन पेनड्राइव्हवरून नवं इन्क्सी त्याच्या मशीनवर चालवलं. आकडे बहिणीच्या मशीनशी तंतोतंत जुळले. दुकानदाराने दोघांना चोख माल दिला होता.

हे का झालं ते सांगतो. भावाच्या मिंटमध्ये इन्क्सीचं ३.०.३८ होतं. ते कॅशचा आकडा प्रॉक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलीतून उचलायचं. त्या फाइलीत 'कॅश साइझ' अशी एकच ओळ असते. इंटेलच्या एल३ असलेल्या चिपवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे एल३ लिहितो, एएमडीच्या रायझनवर तिथे एल२ असते. जुन्या इन्क्सीने सरसकट एल२चं लेबल लावलं. ३.३च्या मालिकेत हा सीपीयूचा भाग मुळापासून नव्याने लिहिला गेला. आता ते सिस फोल्डरमधून प्रत्येक कोअरची प्रत्येक पातळी वेगळी वाचतं आणि बेरीज दाखवतं.

माझं म्हणणं एवढंच: जुना रिपोर्ट म्हणजे नव्या रिपोर्टातून चार ओळी कमी, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. काही ठिकाणी त्याच शब्दाचा अर्थच बदललाय. म्हणून रिपोर्ट वाचायला घेताना आधी अगदी शेवटची ओळ बघावी. प्रोसेस किती, मशीन किती वेळ चालू आहे, शेल कुठला, आणि त्याच ओळीत इन्क्सीचं व्हर्जन असतं. बरेच जण चिकटवताना नेमकी तीच ओळ कापतात.

आपल्या विभागात तसा नियम करावा का? शेवटच्या ओळीशिवाय रिपोर्ट वाचायचाच नाही, असा?

पाणंद

मेस्त्री, उत्तम धागा. नियमाबद्दल नंतर लिहितो, आधी तुमच्या कॅशच्या गोष्टीत भर.

तुम्ही खात्री करायला एलएससीपीयू ही सीपीयूची माहिती देणारी कमांड वापरून बघितली असती तरी फसला असता. मिंट ज्यावर बेतलंय त्या उबंटूच्या १८.०४मधलं जुनं एलएससीपीयू याच चिपला 'एल२ कॅश: २५६के' म्हणतं, कारण ते एका कोअरची सांगतं. २०.०४मधलं '१ एमआयबी' म्हणतं, कारण ते बेरीज सांगतं. २२.०४मधलं '१ एमआयबी' लिहून पुढे कंसात चार इन्स्टन्स असं लिहितं. म्हणजे तुमच्या ६१४४सकट एकाच चिपच्या एल२साठी तीन वेगवेगळे आकडे झाले. त्यातला ६१४४ तेवढा चूक, बाकीचे दोन्ही आपापल्या परीने बरोबर, फक्त काय मोजलंय ते जुनं व्हर्जन सांगत नाही.

ओसरी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि मला तो मांडायचा आहे.

मी इन्क्सीचं २.३.५६ वापरून शिकले. उबंटू १८.०४मध्ये तेच यायचं. अख्ख्या मशीनचा रिपोर्ट टर्मिनलच्या एका पडद्यात मावायचा. वर मशीन, खाली सीपीयू, ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क, डिस्क. डोळा एकदा फिरवला की कळायचं. आता नवा माणूस मिंटमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनचं कॉपीचं बटण दाबतो आणि धाग्यात शंभरच्या वर ओळी येऊन पडतात. मी बहुतेक वेळा फोनवरून उत्तरं देते. फोनच्या रुंदीत त्या ओळी अशा मोडतात की कुठला शब्द कुणाचा तेच समजत नाही.

नवं वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण मदत मागणाऱ्याला सगळं ओतायला सांगणं हीच मदत, असं मला वाटत नाही. वायफाय चालत नसेल तर नेटवर्कचा भाग पुरे.

मेस्त्री

ओसरीताई, फोनवर वाचण्याचा त्रास मलाही होतो. त्याला नव्यातच सोय आहे. इन्क्सीच्या कमांडला डॅश वाय आणि पुढे ८० दिलं की रुंदी ८० अक्षरांत बांधली जाते. वायपुढे १ दिलं तर एका ओळीत एकच नोंद येते. लांबी वाढते, पण मोडतोड होत नाही, फोनवर सरळ खाली सरकत वाचता येतं.

भाग वेगळा मागायचा तर नेटवर्कसाठी कॅपिटल एन, ग्राफिक्ससाठी कॅपिटल जी, आवाजासाठी कॅपिटल ए, बॅटरीसाठी कॅपिटल बी. ही अक्षरं जुन्यातही तीच आहेत. ब्लूटूथचा कॅपिटल ई मात्र जुन्यात नाही, यूएसबीचा कॅपिटल जे २.३मध्ये नाही. आपण 'ई लावून दे' म्हणतो, समोरच्याकडे चुकीची कमांड म्हणून उत्तर येतं आणि तो बिचारा आपलंच काही चुकलं समजून गप्प बसतो. मी असे धागे मधेच थांबलेले पाहिलेत.

निवडुंग

इतिहास थोडा सांगतो, त्यातून बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

इन्क्सी जन्मलं ते चॅटसाठी. त्याच्या आधी इन्फोबॅश नावाची स्क्रिप्ट होती, आयआरसी या जुन्या चॅटवर बसल्या बसल्या आपल्या मशीनची माहिती खोलीतल्या लोकांना दाखवायला. तिच्यातून इन्क्सी निघालं. २.३.५६पर्यंत ते बॅश आणि गॉक या भाषांत लिहिलेलं होतं. २०१८मध्ये सगळं पर्ल भाषेत नव्याने लिहून ३.० आलं. म्हणून २.३ आणि ३.० हे शेजारचे आकडे दिसले तरी आत दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत.

कुणाला आठवतंय का, पूर्वी लोक रिपोर्ट फाइलीत वळवून इथे चिकटवायचे आणि प्रत्येक शब्दाच्या आधी '१२' यायचा? '१२सिस्टिम', '१२कर्नल', '१२सीपीयू'. एका नवख्याने विचारलं होतं की माझ्याकडे बारा सीपीयू आहेत का. ते आयआरसीचे रंगांचे कोड. समोर टर्मिनल नाही म्हटल्यावर स्क्रिप्टला वाटायचं आपण चॅटमध्येच आहोत. डॅश सी आणि शून्य दिलं की रंग जातो. आजही कुठल्याही व्हर्जनवर फाइलीत वळवायचं असेल तर मी ते लावूनच सांगतो.

पर्ल निवडताना त्यांनी एक पथ्य पाळलं, ते मला फार मोलाचं वाटतं. पर्ल ५.८वरसुद्धा चाललं पाहिजे. ५.८ हे २००२चं. म्हणजे नवं इन्क्सी जवळजवळ वीस वर्षं जुन्या लिनक्सवरही चालतं. जुन्या मशीनला जुनंच टूल लागतं, ही समजूत इथे लागू नाही.

कातरवेळ

निवडुंग, बारा सीपीयूवाला धागा मला आठवतो.

मला ग्राफिक्सच्या ओळीबद्दल लिहायचंय, कारण त्या एका ओळीपायी लोकांनी चालती मशीन बिघडवून घेतलेली मी पाहिली आहेत.

जुना रिपोर्ट असं लिहायचा: 'ड्रायव्हर: मोडसेटिंग', आणि पुढे कंसात 'अनलोडेड: एफबीडेव्ह, व्हेसा'. आता नवख्या माणसाने 'अनलोडेड' वाचलं की त्याला वाटतं काहीतरी निसटलंय, ते परत लोड केलं पाहिजे. मग तो शोधून कुठून तरी कॉन्फिग फाइल टाकतो, व्हेसा जबरदस्तीने लावतो आणि पडदा जाडजूड अक्षरांत अडकतो. खरं तर एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्रॅम, सुरू होताना हाताशी असलेले सगळे ड्रायव्हर चाचपतो, लागेल तो ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो. अनलोडेड म्हणजे सोडून दिलेले. त्यात बिघाड काहीच नाही.

आणि त्याच ओळीत दुसरी अडचण. 'मोडसेटिंग' हा एक्सचा ड्रायव्हर, कर्नलमधला ड्रायव्हर आय९१५. लोक मोडसेटिंग वाचून म्हणायचे की माझा इंटेलचा ड्रायव्हर लागलेलाच नाही.

नव्या रिपोर्टात हे वेगळं केलंय. 'ड्रायव्हर: एक्स: लोडेड: मोडसेटिंग, अनलोडेड: एफबीडेव्ह, व्हेसा' आणि त्यापुढे स्वतंत्र 'जीपीयू: आय९१५'. अनलोडेड शब्द अजून आहे, म्हणून घाबरणारे अजून घाबरतात. पण निदान मी त्यांना बोट ठेवून दाखवू शकते की हा बघा तुमचा आय९१५, जागेवर आहे.

एक्सच्या जागी आलेल्या नव्या वेलँडचं तर विचारूच नका. जुनं व्हर्जन वेलँडवर पडद्याच्या आकाराच्या जागी एन/ए लिहून मोकळं होतं. मॉनिटर ओळखलाच जात नाहीये असा धागा येतो, आणि मॉनिटर समोर लख्ख चालू असतो. नवं इन्क्सी मॉनिटरची माहिती थेट सिस फोल्डरमधून काढतं, म्हणून वेलँडवरही मॉडेल आणि आकार सांगतं.

टपालपेटी

मी इथे नवीन आहे. विचारू का? माझ्याकडे मिंट १९ होतं तेव्हा रिपोर्टात डिस्क '१०००.२जीबी' यायची. आता मिंट २१ टाकल्यावर '९३१.५१ जीआयबी' येते. इन्स्टॉल करताना माझी जवळजवळ ७० जीबी जागा गेली का? मी दोनदा फॉर्मॅट केलं, तरी तेवढीच.

मेस्त्री

टपालपेटी, तिसऱ्यांदा करू नका, काहीही गेलेलं नाही.

जीबी हजाराच्या पटीत मोजतात, जीआयबी १०२४च्या. तुमची डिस्क १०,००,२०,४८,८६,०१६ बाइटची आहे, एक टीबीच्या बहुतेक डिस्क तेवढ्याच असतात. हजाराने तीनदा भागलं की १०००.२ येतं, १०२४ने तीनदा भागलं की ९३१.५१. दोन्ही रिपोर्ट खरेच बोलतायत. ३.०पासून इन्क्सीने माप बदललं आणि सोबत नावही बदललं, 'आय' हे अक्षर मधे घातलं. ते एक अक्षर आपल्या डोळ्यातून निसटतं.

तुमचा डेटा होता का हो त्यावर?

टपालपेटी

फोटो होते, पण आधी पेनड्राइव्हवर घेतले होते. खूप धन्यवाद. दोन रात्री गेल्या यात.

निवडुंग

रॅमचंही तेच. जुना रिपोर्ट म्हणतो, 'मेमरी: ७.६६ जीआयबी'. ८ची रॅम घेतली आणि ७.६६ दिसते म्हणून लोक दुकानात भांडायला जातात. कर्नलला वापरायला मिळते ती ही रॅम. फर्मवेअर आणि आतलं ग्राफिक्स आपला वाटा आधीच राखून ठेवतात. मिंट २२मधलं ३.३.३४ 'टोटल: ८ जीआयबी, अव्हेलेबल: ७.६६ जीआयबी' असं दोन्ही लिहितं. एवढ्या एका बदलामुळे किती वाद मिटले असतील.

पाणंद

आता नियमाकडे. मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे इन्क्सी नाही, सॉस आहे. रेड हॅटच्या जगातलं जुनं टूल. त्याआधी सिसरिपोर्ट होतं, सॉस म्हणजे 'सन ऑफ सिसरिपोर्ट', सिसरिपोर्टचं पोर. मशीनची लॉग, कॉन्फिग, कमांडची उत्तरं सगळं एका गाठोड्यात बांधून देतं, ते आपण कंपनीच्या सपोर्टला पाठवायचं. पूर्वी कमांड एकच शब्द होती, सॉसरिपोर्ट. २०२०मध्ये ४.० आलं आणि त्यात रिपोर्ट, कलेक्ट, क्लीन असे तीन हात झाले. आता सॉस लिहून जागा सोडून रिपोर्ट लिहायचं.

मला त्यातला क्लीन सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या गाठोड्यात पासवर्ड झाकायची काळजी घेतलेली असायची, पण आतल्या मशीनची नावं, आयपी पत्ते, डोमेन जसेच्या तसे जायचे. एका गाठोड्यावरून ऑफिसच्या आतल्या जाळ्याचा अख्खा नकाशा काढता आला असता. नवीन क्लीन हे पत्ते बदलतं, आणि नुसतं खोडत नाही. एका आयपीला गाठोड्यात सगळीकडे एकच खोटा आयपी देतं, म्हणजे वाचणाऱ्याला कोण कुणाशी बोलत होतं ते कळतं. खरे-खोटे जोडीने लिहिलेली यादी आपल्याच मशीनवर राहते.

आमच्या आधीच्या एका ठिकाणी जुनं सॉस वर्षानुवर्षं तसंच चालू होतं, कारण 'चालतंय ना'. मी तिथे असताना ती गाठोडी ईमेलने बाहेर जाताना पाहिलीत. म्हणून मी नव्याच्या बाजूने आहे. नवी माहिती जास्त मिळते हे आहेच, पण माझ्या लेखी मोठं कारण म्हणजे नव्याला झाकायचं काय ते जास्त चांगलं समजतं.

कातरवेळ

पाणंद, हे इन्क्सीलाही लागू आहे. डॅश झेड लावल्याशिवाय इथे कुणीही रिपोर्ट टाकू नये. झेड लावला की मॅक पत्ता, आयपी, सीरियल नंबर झाकले जातात, मशीनचं नाव जातं. पण नुसत्या झेडने पार्टिशनचं लेबल झाकलं जात नाही, यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांकही नाही. परवाच एकाने पार्टिशनचा पूर्ण तपशील टाकला होता. त्याने डिस्कला स्वतःचं आडनाव आणि गावाचं नाव दिलेलं, ते सगळ्यांना दिसत होतं. मी त्याला व्यक्तिगत निरोप पाठवून काढायला लावलं.

नव्या मालिकेत त्यासाठी वेगळे पर्याय आहेत: दोन डॅश, झेडएल म्हणजे लेबल झाकणार, झेडयू म्हणजे यूयूआयडी, झेडए म्हणजे सगळेच. जुन्यात ही सोय नाही. जुना रिपोर्ट टाकणाऱ्याने स्वतः डोळ्याखालून घालावा, दुसरा इलाज नाही.

ओसरी

हे मला माहीत नव्हतं. लेबलचं. आजवर मी लोकांना 'झेड लावा की झालं' असंच सांगत आलेय. यापुढे नीट सांगेन.

अनंतमूळ

विंडोजकडची एक जुनी गोष्ट लिहितो, कारण मेस्त्रींच्या दुकानदारासारखीच आहे, फक्त आमच्याकडे शेवट चांगला झाला नाही.

हायजॅकधिस आठवतं का? कॉम्प्युटरमध्ये काही घुसलंय असा संशय आला की त्याचा लॉग टाकायचा, जाणकार ओळी निवडून द्यायचे, त्या टिक करून 'फिक्स' दाबायचं. ते ३२-बिटचं टूल. विंडोज ७ घरोघरी ६४-बिट झालं, तरी लोक तेच वापरत राहिले. ६४-बिट विंडोज कुठल्याही ३२-बिट प्रोग्रॅमला सिस्टिम३२ फोल्डर मागितला तर गुपचूप दुसरा फोल्डर दाखवतं, सिसवॉव६४. सर्व्हिसची फाइल असायची खऱ्या सिस्टिम३२मध्ये, हायजॅकधिस बघायचं सिसवॉव६४मध्ये. सापडायची नाही. मग लॉगमध्ये ओ२३च्या, म्हणजे सर्व्हिसच्या, ओळी एकापाठोपाठ एक, प्रत्येकीच्या शेवटी कंसात 'फाइल मिसिंग'.

आमच्या मामांच्या ऑफिसातल्या मशीनचा लॉग मी वाचला तेव्हा मी कॉलेजात होतो. वीसेक ओळी 'फाइल मिसिंग'. मला वाटलं, फाइलच नाही तर नोंद ठेवून उपयोग काय. सगळ्यांना टिक केलं. ओ२३ला फिक्स केलं की ते सर्व्हिस थांबवून बंद करून ठेवतं. मशीन पुन्हा चालू केलं तर प्रिंटिंग नाही, बाकीचंही निम्मं चालेना. महिनाअखेर होती, मामांची पगारपत्रकं अडकली. एकेक सर्व्हिस हाताने पुन्हा सुरू करायला पूर्ण रविवार गेला. एकही फाइल गेलेली नव्हती. सगळ्या जागच्या जागी होत्या.

पुढे जाणकारांनी हायजॅकधिस मागणं बंद केलं आणि एफआरएसटी या नव्या टूलचा लॉग मागायला लागले. त्याचे ३२ आणि ६४-बिटचे वेगळे प्रोग्रॅम मिळतात, आपल्या विंडोजला जुळेल तोच चालतो. मला तो नियम तेव्हा जाचक वाटायचा, 'चुकीचा उतरवला, दुसरा उतरवा' असं सारखं सांगावं लागायचं. आता त्याचं कारण समजतं.

म्हणून मेस्त्रींच्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा. व्हर्जन दिसल्याशिवाय रिपोर्टातली एकही ओळ खरी धरायची नाही.

पाणंद

अनंतमूळ, हे लिहिल्याबद्दल आभार. आजच्या विंडोजमध्येही तेच चाललंय. जुन्या लेखांत मशीनची माहिती काढायला सगळीकडे डब्ल्यूएमआयसीच्या कमांड आहेत, मायक्रोसॉफ्टने ते बाजूला ठेवलंय आणि विंडोज ११च्या २४एच२मध्ये ते सुरुवातीला बसवलेलंच नसतं. पॉवरशेलमधून गेट-सिमइन्स्टन्स वापरायचं.

ओसरी

नियमाबद्दल एक विनंती. 'शेवटच्या ओळीशिवाय वाचणार नाही' असं लिहू नका. जो येतो तो आधीच अडचणीत असतो, पहिल्याच ओळीत त्याला परत पाठवलं तर तो पुन्हा येणार नाही. 'रिपोर्टची शेवटची ओळ राहिली आहे, ती जोडता का?' असं विचारू. आणि 'नवं इन्क्सी टाका मग बोलू' हे तर मुळीच नको. मिंट २०वर अडकलेल्या माणसाचं मशीन कदाचित तेवढंच पेलत असेल.

मेस्त्री

मान्य. असंच लिहू. जुना रिपोर्ट आला तर तो जुना आहे हे आपण ओळखायचं, त्याला सांगायचं नाही. कॅश, रॅम, 'अनलोडेड' आणि वेलँडवरचा एन/ए, एवढ्या चार जागा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ झालं.

डिस्कच्या तापमानाचं राहिलं. जुनं इन्क्सी त्यासाठी एचडीडीटेम्प नावाच्या टूलवर अवलंबून होतं. ते बरीच वर्षं कुणी सांभाळत नव्हतं आणि त्याला रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचे, हक्क लागायचे. २०२०मध्ये कर्नल ५.६मध्ये ड्राइव्हटेम्प नावाचं मॉड्यूल आलं. ते लोड केलं की साटा जोडणीच्या डिस्कचं तापमान सिस फोल्डरमध्ये दिसतं आणि नवं इन्क्सी तिथूनच घेतं. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते, पंखे बंद, अशा दिवसांत मी हा आकडा रोज बघतो.

आणि ज्याला नवं घालायचंच आहे त्याच्यासाठी: इन्क्सी म्हणजे एकच फाइल आहे, तीस हजारांवर ओळींची. त्याचं घर आता कोडबर्ग या साइटवर आहे, आधी गिटहबवर होतं. जुन्या लेखांतला पत्ता वापरू नका. ती एक फाइल उतरवायची, आपल्या होममध्ये एखाद्या फोल्डरात ठेवायची, चालवण्याची परवानगी द्यायची आणि तिथून चालवायची. सिस्टिमच्या यूएसआर-बिनमधल्या फाइलीवर ती टाकू नका. ती पॅकेजची जागा आहे, पुढच्या अपडेटला ती पुन्हा जुनी होईल किंवा गोंधळ होईल. पॅकेजवाल्या इन्क्सीला कॅपिटल यू देऊन स्वतःला अपडेट कर म्हटलं तर ते नाही म्हणेल, डेबियन-उबंटूवाल्यांनी ते मुद्दाम बंद ठेवलंय. तो बिघाड समजू नका.

टपालपेटी

मी आत्ताच उतरवून होममध्ये ठेवलं, चाललं. शेवटच्या ओळीत नवं व्हर्जन आलं. पण रॅमच्या भागात स्लॉटची माहिती येत नाहीये. सुडो लावून, म्हणजे रूटच्या हक्काने, चालवावं लागेल का? नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट रूटने चालवायची भीती वाटते.

निवडुंग

भीती वाटते हे चांगलंच आहे. स्लॉटची भरवशाची माहिती डीएमआयडिकोड या टूलकडून येते, आणि त्याला रूट लागतं. तुम्ही उतरवलेल्या फाइलीला रूट देऊ नका. पॅकेजमधलं इन्क्सी सुडोने चालवा, पुढे छोटा एम आणि झेड. स्लॉट किती आणि कुठल्यात काय बसवलंय एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. ती ओळ इथे टाका. बाकी रिपोर्ट होममधल्या नव्या फाइलीवरून, सुडोशिवाय.

टपालपेटी

टाकला. दोन स्लॉट, एकात ४ जीआयबी, दुसऱ्यात 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड'. म्हणजे अजून एक पट्टी घालता येईल ना?

मेस्त्री

येईल. पण विकत घ्यायच्या आधी खालचं झाकण उघडून तो स्लॉट डोळ्यांनी बघा. काही लॅपटॉपमध्ये बायोस दोन सांगतं आणि बोर्डावर एकच सॉकेट असतो. फोटो काढून इथे टाका, मग कुठली पट्टी ते बघू.